चाळीस मिनिटं वाढवून

मावशींच्या फळ्यावर दोनच ओळी असायच्या. 'वाट उघडेल' आणि पुढे वेळ. 'वाट बंद होईल' आणि पुढे वेळ. हा फळा किनाऱ्यावरच्या चौकीबाहेर टांगलेला होता. बेटावर जाणारा कुणीही तो वाचल्याशिवाय वाळूत पाय टाकत नसे.

बेट फार लांब नव्हतं. मध्ये दोन किलोमीटरची वाळूची वाट होती. कडेला खांब रोवलेले होते. दिवसातून दोनदा ती वाट अख्खीच्या अख्खी पाण्याखाली जाई. ओहोटी लागली की वर येई, तीनेक तास राही, आणि पुन्हा गडप. पोस्टमन, शाळेच्या बाई, दूधवाला, लग्न ठरवायला निघालेली मंडळी, सगळ्यांचा कारभार त्या तीन तासांत. एरवी तिथे दोन-दोन पुरुष पाणी.

चौकीची नोकरी खरं तर मावशींच्या नवऱ्याची. त्याची कंबर धरली तेव्हा 'तात्पुरत्या' म्हणून या येऊन बसल्या. पुढे नवरा गेला, बंदर कचेरीतले तीन साहेब बदलले, आणि तात्पुरत्या मावशींना सव्वीस वर्षं झाली. सगळं गाव मावशी म्हणे. सून नवीन आली तेव्हा तिनं विचारलं, "मी काय म्हणू तुम्हाला?" मावशी म्हणाल्या, "सगळे म्हणतात तेच म्हण. तू काय आभाळातून पडलीस?"

सून बेटावरचीच. लहानपणापासून तो फळा वाचत मोठी झालेली. पण वेळ रोज पाऊण-एक तासानं पुढे का सरकते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ते तिला सासूनं सांगितलं, भांडी विसळता विसळता.

"पाणी ओढतो तो चंद्र. बरोबर? आणि पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी मारते, तो आपला दिवस. आता असं बघ. मी बाजारात एका दुकानापाशी उभी आहे. तू अख्ख्या बाजाराला फेरी मारून परत तिथं आलीस. मी तिथंच असेन का?"

"तुम्ही? तुम्ही कशाला थांबताय!"

"तेच. मी तोवर दोन दुकानं पुढे गेलेली असणार. मला गाठायला तुला आणखी चार पावलं टाकावी लागणार. चंद्र पण थांबत नाही. पृथ्वीची फेरी होईस्तोवर तो पुढे सरकलेला असतो. त्याला गाठायला तिला रोज पन्नासेक मिनिटं जास्त लागतात. म्हणून काल दहाला असलेली ओहोटी आज अकराच्या आसपास."

"आणि अमावास्येला पाणी इतकं चढतं ते?"

"तेव्हा सूर्यही त्याच बाजूनं ओढतो. पौर्णिमेला समोरून ओढतो, तरी परिणाम तोच. सासू आणि नवरा एका बाजूला झाले की सुनेचं काय होतं? उधाण!"

सून हसली, पण सासूकडे न बघता. नवरा जहाजावर होता, सहा-सहा महिने बाहेर. घरात या दोघीच. दोघींचं बरं चाललं होतं. खटका होता तो मावशींचा आणि सुनेच्या आईचा.

विहीणबाई बेटावर राहायच्या. अंगानं भारी, गुडघ्यानं अधू आणि जिभेनं अगदी धडधाकट. दर पंधरवड्याला लेकीला भेटायला वाटेनं यायच्या. इतरांना पस्तीस मिनिटं लागत, यांना पन्नास. गेल्या महिन्यात त्या अजून मध्यावर असताना मावशींनी घंटा वाजवली. एकेक टोल, म्हणजे 'पाय उचला'. वाट बंद व्हायला तेव्हा चांगला अर्धा तास बाकी होता. विहीणबाई धापा टाकत पोचल्या. मावशी चौकीत बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "आलात? मला वाटलं, पुढच्या ओहोटीला येताय."

विहीणबाई फळ्यापाशी गेल्या. त्यावरची वेळ मोठ्यानं वाचली. मनगटावरचं घड्याळ मोठ्यानं वाचलं. "मी फळ्यावर चालते, विहीणबाई. तुमच्या घंटेवर नाही." त्या दिवशी दोघींनी एकमेकींना चहासुद्धा विचारला नाही.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मावशींच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. डॉक्टरांनी हिरवी झापड दिली आणि बारीक अक्षर वाचू नका म्हणून बजावलं. पण भरती-ओहोटीचा छापील तक्ता म्हणजे मुंग्यांची रांग. शिवाय तो होता मोठ्या बंदराचा. बंदरात पाणी आधी पोचतं, मग खाडीच्या अरुंद तोंडातून आत शिरत शिरत इथवर येतं. त्यामुळे बंदराच्या वेळेत चाळीस मिनिटं वाढवायची, की इथली वेळ आली. ओहोटीच्या तळाच्या दीड तास आधी वाट उघडायची, तळानंतर दीड तासानं बंद. सव्वीस वर्षं मावशी हे बोटांवर करत आल्या होत्या. आता त्यात विचार करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. चहात साखर घालावी तशी ती चाळीस मिनिटं पडायची.

सुनेनं एका संध्याकाळी कोरा कागद घेतला आणि पुढच्या महिनाभराच्या सगळ्या वेळा ठळक, मोठ्या अक्षरांत उतरवून दिल्या. कागद चौकीच्या भिंतीवर लावला. मावशींनी लांबूनच वाचून बघितला. "दिसतंय की! अक्षर छान आहे हो तुझं," म्हणाल्या. विषय तिथंच मिटला.

नव्या कागदाचा पहिला दिवस अमावास्येचा होता. तीही साधी अमावास्या नाही. दिवस आणि रात्र सारखी होण्याचा तो आठवडा, त्यात चंद्र पृथ्वीच्या जवळ आलेला. वर्षातलं सर्वात मोठं उधाण अशाच दिवसांत येतं. पाणी जातं तेव्हा लांबवर जातं आणि येतं तेव्हा धावत येतं.

कागदावर ओहोटीची वेळ होती अकरा. मावशींनी फळ्यावर लिहिलं: वाट उघडेल, दहा दहा. वाट बंद होईल, एक दहा.

साडेनऊलाच वाट कोरडी दिसायला लागली. मावशींनी हाताची सावली करून पाहिलं. आज अमावास्या, पाणी लवकर मागे सरणारच, असं त्या स्वतःशी म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. शाळेच्या बाई गेल्या. दूधवाला गेला, परत आला. अकरा वाजता विहीणबाईंचा फोन आला.

"बंद कितीला?"

"एक दहा."

"नक्की? की मध्येच घंटा बडवाल?"

"फळ्यावर आहे ते सांगितलं."

"मग मी जेवून बाराला निघते. घाई नाही मला."

बाराला दहा कमी असताना त्या बेटावरून निघाल्या. वाटेवर दुसरं कुणी नव्हतं. चौकीतून त्यांची निळी साडी ठिपक्याएवढी दिसत होती. मावशींनी वहीत नोंद केली: एक व्यक्ती, पायी.

सून औषधांच्या दुकानात कामाला होती. जेवणाच्या सुट्टीत ती सासूचा डबा घेऊन यायची. त्या दिवशी बारा वाजून सतरा मिनिटांनी आली. चप्पल काढता काढता तिची नजर फळ्यावर गेली.

"मावशी, एक दहा कसं?"

"कसं म्हणजे? अकरा अधिक चाळीस, अकरा चाळीस. त्यात दीड तास, एक दहा."

सुनेचा डबा हातातच राहिला. "पण चाळीस मी धरलेत. कागदावर आहे ती आपली वेळ आहे. बंदराची दहा वीस होती. मी वाढवून लिहिलं, तुम्हाला त्रास नको म्हणून."

मावशी उठल्या. त्यांनी कागदाकडे पाहिलं नाही, वाटेकडे पाहिलं. झापड वर सारून उजेडात डोळा बारीक केला. किनाऱ्यापासून सहाशे पावलांवर वाटेत एक खळगा होता. भरतीचं पाणी दोन्ही बाजूंनी आधी तिथे मिळायचं. तो चमकत होता. फळा बरोबर असता, तर तो एक वाजता असा चमकायला हवा होता.

"साडेबारा," त्या म्हणाल्या. "वाट साडेबाराला बंद होणार."

"आई निघाली?"

मावशींनी नुसतं बोट केलं. निळी साडी मध्यावर आली होती. मध्यावर लाकडी मचाण होतं, खांबांवर उभं केलेलं, शिडी लावलेलं. अडकलेल्या माणसानं त्यावर चढून बसायचं. विहीणबाई त्या मचाणाजवळून पुढे निघाल्या होत्या. त्यांच्या चालीनं खळग्यापर्यंत यायला अजून पंधरा मिनिटं तरी लागणार, आणि तोवर तिथे कमरेएवढं पाणी, तेही ओढीचं.

"फोन लाव," मावशी म्हणाल्या.

सुनेनं लावला. वाजत राहिला. वाटेवरून येताना विहीणबाई फोन तीन पिशव्यांत गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवायच्या, खारं पाणी लागू नये म्हणून.

मावशींनी लाल बावटा चढवला आणि घंटेची दोरी धरली. एकेक टोल नाही, सलग. धडाधड. त्याचा अर्थ बेटावरच्या पोराबाळांनाही ठाऊक होता: पुढे येऊ नका, मचाण गाठा. सव्वीस वर्षांत त्यांनी ही घंटा दोनदा वाजवली होती, दोन्ही वेळा बाहेरून आलेल्या हौशी माणसांसाठी.

निळी साडी थांबली. काठी वर झाली, हवेत दोनदा हलली. जणू म्हणत होती, ऐकलं, ऐकलं, कळतंय तुमचं. आणि साडी पुन्हा पुढे चालू लागली. तेवढ्याच सावकाश. कदाचित थोडी जास्तच सावकाश.

"तिला वाटतंय तुम्ही मुद्दाम..." सून उतरणीकडे वळली. "मी जाते."

"कुठं जातेस?"

"आईला आणायला!"

"खळगा ओलांडून जाशील. परत कशी येशील? आणि तिला घेऊन? मला मग दोघींना मोजत बसावं लागेल." मावशींनी तिच्या हातात दोरी दिली. "तू वाजव. थांबू नकोस. मधेमधे नावेच्या कप्तानाला फोन कर, म्हणावं माणूस मचाणावर आहे."

"मचाणावर कुठे आहे?"

"असेल," मावशी म्हणाल्या आणि उतरणीवरून खाली गेल्या.

वाट बंद होताना चौकीदारानं वाटेवर पाऊल टाकायचं नाही, हा नियम त्यांनीच प्रत्येक नव्या साहेबाला ऐकवलेला होता. डॉक्टरांनी डोळ्याला पाण्याचा थेंब लागू देऊ नका म्हणून सांगितलं होतं. मावशी साडीचा काचा खोचून सरळ वाळूतून निघाल्या. साठी ओलांडलेली बाई पळते ती पळतेय असं कुणाला वाटत नाही. तिला स्वतःला मात्र सगळ्या बरगड्या मोजून घेता येतात. खळग्याच्या अलीकडच्या कडेला त्या पोचल्या तेव्हा पाणी पोटऱ्यांपर्यंत होतं आणि पायाखालची वाळू बोटांमधून सुटत होती.

पलीकडे, तीनेकशे पावलांवर विहीणबाई. मागे मचाणही त्यांच्यापासून साधारण तेवढंच लांब.

"विहीणबाई! मागे फिरा!"

"एक दहा वाजायला अजून पाऊण तास आहे!" आवाज पाण्यावरून अगदी लख्ख आला. "माझ्याकडे घड्याळ आहे!"

"अहो, मचाण गाठा! पाणी आलंय!"

"येऊ दे की! तुमचं दरवेळचंच आहे हे! हळू चालते म्हणून माझी वरात काढता काय? अख्ख्या गावाला घंटा ऐकवताय!"

मागे घंटा चालूच होती. पाणी गुडघ्याला लागलं. मावशींच्या लक्षात आलं, की आपण आणखी कितीही ओरडलो तरी ही बाई त्यातून एकच गोष्ट ऐकणार, टोमणा. त्यांनी दोन्ही हात तोंडाशी धरले.

"चूक माझी आहे! फळा चुकलाय! मी चुकले, विहीणबाई! मी चुकले!"

विहीणबाई जागच्या जागी थिजल्या. आठ वर्षांच्या सोयरिकीत हे दोन शब्द त्यांनी त्या तोंडून कधी ऐकले नव्हते. लग्नात मानपानाची यादी हरवली तेव्हा नाही, पूजेचं आमंत्रण राहून गेलं तेव्हाही नाही. त्यांनी एकदा पायाशी बघितलं. वाळूवरून पातळ, फेसाळ पाण्याची एक जीभ खांबाला वळसा घालून पुढे गेली. मग त्या वळल्या.

त्या वळल्या हे खरं, पण गुडघे तेच होते. मावशी मागे मागे सरकत किनाऱ्याकडे येत होत्या आणि निळी साडी लहान होत चालली होती. पाणी तिच्या पुढेही होतं. आता वाट दिसेनाशी झाली, नुसते खांब दिसत होते. काठी उचलली जाई, टेकली जाई. एकदा साडी खाली बसल्यासारखी झाली. वर घंटा थांबली. सुनेच्या हातून दोरी सुटली होती.

"वाजव!" मावशी किंचाळल्या.

घंटा पुन्हा सुरू झाली. साडी उठली. शिडीशी पोचली तेव्हा पाणी कमरेला होतं. पहिली पायरी. खूप वेळ काही नाही. दुसरी. तिसऱ्या पायरीवर काठी सुटली आणि वाहून गेली. ती आडवी, गिरक्या घेत बेटाच्या बाजूला जाताना इकडूनही दिसली. मग उरलेल्या पायऱ्या विहीणबाई दोन्ही हातांनी चढल्या. फळ्यांवर त्यांनी स्वतःला लोटून दिलं आणि आडव्या झाल्या, तेव्हा एक वाजायला सहा मिनिटं कमी होती. एक दहाच्या आतच.

चौकीत मावशी ओल्या साडीनिशी बसल्या. कप्तान म्हणजे कचेरीच्या नावेवरचा माणूस. तो फोनवर म्हणत होता, "मावशी, आत्ता तिथं नाव तळाला टेकेल. पुरेसं पाणी झाल्याशिवाय नाही येता येणार. अडीच धरा."

"आणि पाचला पूर्ण भरती. अमावास्येची."

"ठाऊक आहे मला."

"मचाणाच्या फळीखाली हातभर जागा राहते फक्त. वारा समुद्रावरून असला तर तीही नाही."

"वारा कुठून आहे?"

मावशींनी बावट्याकडे पाहिलं. "समुद्रावरून."

कप्तान म्हणाला, "दोनला निघतो. घासली तर घासली."

तासभर वाट बघायची होती. सून खिडकीशी उभी होती. मग एकदम म्हणाली, "मी सांगायला हवं होतं. वाढवून लिहिलंय, एवढं एकच वाक्य."

"हं."

"मला वाटलं, तुम्ही बघून वाचलात, तेव्हा कळलंच असेल."

"मी अक्षर बघितलं."

"माझ्यामुळे माझी आई..."

"थांब." मावशींचा आवाज नेहमीसारखा करकरीत झाला. "वाटणी करायची तर नीट करू. तू सांगितलं नाहीस, हे तुझं. पण साडेनऊला वाट उघडी पडलेली मी या डोळ्यानं पाहिली. पाणी समोर सांगत होतं, आणि मी म्हटलं, अमावास्या आहे. नवख्या माणसाला अमावास्येचं काही ठाऊक नसतं. तो घाबरून कागद पुन्हा बघायला गेला असता. मला सगळं ठाऊक होतं. म्हणून तर बसून राहिले."

सुनेनं कोरडं लुगडं आणून त्यांच्या मांडीवर टाकलं. "बदला आधी. डोळ्यात पाणी गेलंय का बघू." तिनं झापड काढून डोळा पाहिला, दुकानातून आणलेले थेंब घातले. पहिले तीन थेंब गालावर पडले.

पावणेदोनला फोन वाजला. मचाणावरून. तिन्ही पिशव्या सुटल्या होत्या.

"आई! कशी आहेस?"

"ओली आहे. सोळा पायऱ्या आहेत या शिडीला, सांग तुझ्या सासूला. सोळा! आणि पाणी इथे फळीखाली खदखदतंय नुसतं. नाव निघाली का?"

"निघतेय, आई. धरून बस."

"काय धरू? इथे धरायला मीच आहे." मग थोडं थांबून, वेगळ्याच आवाजात, "लवकर या गं."

नाव दोनदा घासली. तिसऱ्यांदा मचाणाला लागली तेव्हा तीन वाजत आले होते आणि लाटा फळीवर उडत होत्या. कप्तानानं विहीणबाईंना काखेत हात घालून उतरवून घेतलं. किनाऱ्यावर आणलं तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते आणि दोन्ही तळहात सोलवटले होते. लेकीनं त्यांना मिठी मारली. मावशी दोन पावलं मागे उभ्या राहिल्या.

विहीणबाईंनी लेकीच्या खांद्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. टोमणा येईल म्हणून मावशी तयारच होत्या. तो आला असता तर बरं झालं असतं. विहीणबाई म्हणाल्या, "घरी नेता का? मला आडवं व्हायचंय."

दुसऱ्या दिवशी साहेब आले. कागद बघितला, वही बघितली आणि विचारलं, "हा तक्ता कोणी केला?" सून पुढे झाली. तिला बोलू न देता मावशी म्हणाल्या, "तक्ता बरोबर आहे. एक मिनिटही चुकलेला नाही. फळा मी लिहिते." वहीत त्यांनी आदल्या दिवशीच लिहून ठेवलं होतं: चाळीस मिनिटं दोनदा धरली गेली. खाली सही.

साहेबांनी लेखी समज दिली आणि नवा नियम केला: फळ्यावरची वेळ चौकीदारानं लिहायची आणि दुसऱ्या माणसानं छापील तक्त्याशी ताडून खाली सही करायची. ते दुसरं माणूस सून झाली. दुकानात जाण्यापूर्वी रोज ती यायची. दोघी वेगवेगळ्या कागदांवर हिशेब मांडायच्या आणि मगच एकमेकींना दाखवायच्या. कधी एका मिनिटाचा फरक निघाला तर खडू कुणीच उचलायचं नाही. मावशी आणखी चार वर्षं चौकीत होत्या. सकाळी दार उघडलं की भिंतीकडे बघण्याआधी त्या पाण्याकडे बघायच्या, नुसत्या उभ्या राहून, चहा गार होईपर्यंत.

विहीणबाई दर पंधरवड्याला येत राहिल्या, पण नावेनं. लेकीनं विचारलं तर म्हणायच्या, "गुडघे!" पूर्वी बेटावरून निघताना त्यांचा फोन यायचा, बंद कितीला म्हणून विचारायला. आता येत नाही. घरी आल्या की मात्र मावशी स्वतः उठून त्यांच्यापुढे खुर्ची ठेवतात, चहा ठेवतात. दोघी बसून जावयाच्या जहाजाविषयी, पाठदुखीविषयी, महागाईविषयी बोलतात. वाटेचा विषय दोघींपैकी कुणीच काढत नाही. एकदाच, कप खाली ठेवताना विहीणबाई म्हणाल्या, "तुम्ही पाण्यात उतरलात त्या दिवशी. मला दिसलं होतं."

मावशी म्हणाल्या, "उतरावं लागलं." आणि थोड्या वेळानं, "फार उशिरा."

विहीणबाईंनी त्यावर नाही म्हटलं नाही.